पाया न घातलेला दगड

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या दफनभूमीतली माणसं मे महिन्यात दगड रेटून बघतात. हिवाळा सरला की थडग्याच्या दगडाला दोन्ही हात लावून छातीच्या जोराने ढकलायचं. हलला नाही तर पुढे जायचं. हलला तर त्याला पिवळी चिठ्ठी बांधायची. फरामर्ज तफ्तीच्या दगडाला कोणी हात लावायची गरजच पडली नाही. तो वाटेवरूनच कललेला दिसत होता.

आठवड्याभरात सुदाबेच्या घरी पत्र आलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, आपल्या वडिलांचा दगड धोकादायक झाला आहे, तो पक्का बसवून घ्या. दोन, जागेची पंचवीस वर्षांची मुदत ऑक्टोबरच्या एक तारखेला संपते. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी सही करा, नाहीतर जागा सोडल्याचं कळवा.

सुदाबे एकसष्ट वर्षांची होती. पस्तीस वर्षं तिने लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या होत्या. गुडघे गेले तेव्हा थांबली. तिने बसवलेली फरशी उचकटली, असा निरोप पस्तीस वर्षांत तिला एकदाही आला नव्हता. आणि आता पत्र आलं होतं की तिने बसवलेला दगड हलतो.

तो हलणारच होता. तो बसवतानाच तिला ठाऊक होतं.

पत्र तिने दुमडून चहाच्या डब्याखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी शापूरकाकांकडे गेली.

शापूर तिच्या वडिलांचा मित्र. तेहरानला वर्तमानपत्र काढायचा, इथे निवृत्तीपर्यंत ट्राम चालवली. आता शहाऐंशीचा. आठव्या मजल्यावर एकटा राहायचा आणि चाकाची कुबडी ढकलत स्वतःच दार उघडायचा. त्याने पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"पंचवीस?" तो म्हणाला. "एकदम पंचवीस? मी कधी दोनाच्या वर गेलो नाही."

"माहीत आहे, काका."

"बारा वेळा गेलो मी तिथे. बारा वेळा. पावसात, बर्फात. हे ऑफिस एकदा तरी आलं होतं का?"

"ऑफिस कशाला येईल? काका, चहा ठेवू?"

"ठेव. आणि सही करू नकोस."

ती भांडण करायला आली नव्हती. चहा ठेवला, साखरेचे खडे काढले. पण म्हातारा मागे लागला.

"तू त्याला शब्द दिला होतास, सूदी."

"तुम्हीही दिला होता."

"मी माझा पाळलाय. दर दोन वर्षांनी पाळलाय."

ते खरंच होतं. ती गोष्ट अशी.

तफ्त हे फरामर्जचं गाव, वाळवंटाच्या कडेला, डाळिंबांचं. त्याची बायको तिथे पुरलेली. सुदाबे नऊ वर्षांची असताना ती गेली, आणि तिच्या शेजारची जागा फरामर्जने तेव्हाच स्वतःसाठी ठेवली होती. तो विद्यापीठात इतिहास शिकवायचा. जमिनीखालून मैलोन्‌मैल पाणी आणणारे बोगदे आणि ते खणणारी माणसं, यांवर त्याने एक जाड पुस्तक लिहिलं होतं. दुसरा भाग लिहायचा होता. मग राज्य बदललं, आधी पुस्तक गेलं, मग नोकरी, मग त्याचे दोन सहकारी. त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात बाप-लेक घोड्यांवरून डोंगर ओलांडून तुर्कस्तानात उतरले. सुदाबे वीसची होती. वाटेत तिने विचारलं होतं, "किती दिवसांसाठी, बाबा?"

"दोन वर्षं, बाबा," तो म्हणाला होता. इराणी बाप लेकीलाही बाबाच म्हणतो. "फार तर दोन."

गोथेनबर्गला त्याला जिने धुवायचं काम मिळालं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, हातात खडूशिवाय काही धरलेलं नाही. पहिल्या दिवशी त्याने जिना खालून वर धुवत नेला. पाचव्या मजल्यावर पोचला आणि मागे वळून पाहिलं, तर उतरायला कोरडी पायरी नाही. स्वतःच्याच ओल्या पायऱ्यांवर चिखलाचे पाय उमटवत खाली आला आणि परत सुरुवात केली. दुसऱ्यांदाही खालूनच.

हे शापूरने चाळीस वर्षं सांगितलं. "माणसाने बोगद्यांचा इतिहास लिहिला, पण पाणी खाली वाहतं हे त्याला स्वीडनमध्ये कळलं." फरामर्जही हसायचा. दोन वर्षं त्याने ते काम वाईट केलं. मग नीट केलं. मग इतकं नीट की चौथ्या मजल्यावरची एक म्हातारी त्याचा दिवस सोडून बाहेर जायची, ओल्या जिन्यावर पाय पडू नयेत म्हणून. सुदाबेला बापाच्या पुस्तकापेक्षा याचा अभिमान जास्त होता, पण ते तिने त्याला कधी सांगितलं नाही.

पहाटे पाच ते सात तो लिहायचा. मग जिने. शुक्रवारी संध्याकाळी शापूर आणि आणखी तीन-चार जण यायचे, चहावर चहा व्हायचा आणि तिकडचं सरकार पडायचं. दर शुक्रवारी पडायचं. नवीन वर्षाच्या दिवशी सगळे एकमेकांना म्हणायचे, "पुढच्या वर्षी घरी."

आणि त्या घरात भिंतीला एक खिळा नव्हता.

सुदाबेला सगळ्यात जास्त राग याचा होता. पुस्तकं केळ्यांच्या खोक्यांत. आईचा फोटो खिडकीच्या फळीवर टेकवलेला. खिडकी उघडली की पडायचा. पडद्यांऐवजी चादर, दोरीवर. ती फरशीचं काम शिकली, हत्यारं घेतली, तेव्हा पहिल्या रविवारी ओळंबा आणि ड्रिल घेऊन बापाकडे आली.

"बाबा, शेल्फ करून देते. दोन तासांचं काम."

"कशाला, बाबा? काढताना भिंत खराब होईल."

"भिंत तुमची आहे का?"

"म्हणूनच. दुसऱ्याची भिंत आहे."

"निदान आईचा फोटो तरी. एक खिळा."

"एक खिळा मारला की दुसरा मारावासा वाटतो."

"चार वर्षं झाली इथे!"

"चार झाली ना? मग आता राहिलं किती?"

ती ड्रिल घेऊन परत गेली. जिन्यात रडली. तो जिना त्यानेच धुतलेला होता, म्हणून पाय पुसून खाली गेली.

पण एकदा तो तिचं काम बघायला आला होता. बंदराजवळच्या घरातलं न्हाणीघर. उलट्या बादलीवर बसला आणि ती पाणसळ लावून फरशीला उतार देत होती ते बघत राहिला. जाळीच्या दिशेने, मीटरला एक बोट. फार दिला तर पाय घसरतो, कमी दिला तर पाणी साचतं.

"आमचे खणणारे दोरीने करायचे हे," तो म्हणाला. "दोरी ताणायची आणि मधोमध पाण्याचे थेंब सोडायचे. थेंब ज्या बाजूला सरकेल, ती बाजू खाली. अंधारात, वीस मैल. बोटभर चुकायचे नाहीत."

"मग त्यांचं काम टिकलं का?"

"हजार वर्षं."

"ते दोन वर्षांसाठी खणत नव्हते, बाबा."

मग उठून त्याने तिने बसवलेल्या एका फरशीवर बोटाच्या पेराने टकटक केली. ती हसली. "असं नाही. ऐकायचं असतं. खाली मसाला सगळीकडे पोचला असेल तर गच्च वाजते. नसेल तर पोकळ." त्याने सगळ्या भिंती वाजवून पाहिल्या. एकही पोकळ निघाली नाही. "उस्ताद," तो म्हणाला. कारागिराला तो देश ज्या शब्दाने मान देतो, तो शब्द. आयुष्यात एकदाच म्हणाला.

नव्व्याण्णवच्या सप्टेंबरमध्ये त्याच्या पोटातलं दुखणं कळलं आणि ऑक्टोबरमध्ये तो गेला. चौसष्ट वर्षांचा. शेवटच्या आठवड्यात खाटेशी सुदाबे होती आणि शापूर होता.

"मला अमानत ठेवा," तो म्हणाला.

अमानत म्हणजे ठेव. माणूस परमुलखात मेला तर त्याला तिथल्या जमिनीत मुदतीपुरतं ठेवायचं. जमिनीला तोंडाने मुदत सांगायची. तेवढ्या काळात जमीन त्याला हात लावत नाही, म्हणतात. मुदत संपली की उचलून घरी न्यायचं. जुन्या काळी यात्रेच्या वाटेवर मेलेल्यांसाठी करायचे. देवभोळ्या लोकांची रीत.

शापूर म्हणाला, "फरामर्ज, तू तर देव मानत नाहीस."

"देव नाही मानत. परत जाणं मानतो." मग लेकीकडे वळला. "दगड ठेवशील ना?"

"ठेवीन."

"नुसता ठेव. पाया घालू नकोस, बाबा. पाया घातलास की मी राहिलो."

तिने शब्द दिला. द्यायला नको होता असं तिला तेव्हाही वाटलं, पण मरणाऱ्या माणसाशी कामाच्या पद्धतीवरून वाद घालत नाहीत.

पुरताना शापूर खड्ड्याशी वाकला आणि जमिनीला म्हणाला, "ही आमची ठेव. दोन वर्षांनी नेऊ." पुढच्या वसंतात सुदाबेने करड्या ग्रॅनाइटचा गुडघ्याएवढा दगड आणला, वाळू पसरली, त्यावर उभा केला. पाच मिनिटांचं काम. तिने केलेलं सगळ्यात वाईट काम. आजूबाजूच्या दगडांचे पाये बघत ती परत आली होती.

दोन वर्षांनी शापूर गेला आणि मुदत वाढवून आला. मग परत. दर दोन वर्षांनी ऑक्टोबरमध्ये, खजूर आणि गुलाबपाणी घेऊन. बारा वेळा. प्रत्येक हिवाळ्यात जमीन गोठून वर यायची, वसंतात बसायची आणि दगड केसभर कलायचा.

न्यायला काय झालं होतं? कागद कदाचित मिळाले असते. त्यासाठी वकिलातीच्या खिडकीशी अर्ज घेऊन उभं राहावं लागलं असतं. ज्या दाराशी फरामर्ज सोळा वर्षांत गेला नाही, तिथे त्याच्यासाठी मिंधं व्हायचं नाही, असं शापूर म्हणाला. सुदाबेनेही मान हलवली. एखाद्या कामाला तिने नेट लावला नाही असं आयुष्यात एकदाच झालं, आणि ते हे काम. हे ती कोणाला सांगत नसे. स्वतःपासून लपवतही नसे.

म्हणून शापूरकडून आल्यावर तिने तफ्तला फोन लावला. आत्याची मुलगी, मन्सूरे, तिच्याच वयाची. वर्षातून एकदा, नव्या वर्षाला बोलायच्या. अवेळी फोन पाहून मन्सूरे घाबरली.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. बरी आहेस ना? मुलं बरी?"

"तुझ्या पायाची धूळ आहेत. तू कशी? कधी येतेस? डोळे लागलेत वाटेकडे."

"मन्सूरे, आईच्या शेजारची जागा. बाबांची. ती आहे ना अजून?"

"जागा? अगं, तुम्हाला जागा आमच्या डोळ्यांवर आहे. आमच्या डोक्यावर आहे."

"ते आहेच गं. कबरस्तानातली विचारतेय."

"तू ये तर आधी! घर तुझं आहे. वरची खोली रंगवलीय. डाळिंबांना या वर्षी असा बहर आलाय म्हणून सांगू..."

सुदाबे थांबली. आपल्या लोकांत पहिला नकार कधी खरा नसतो आणि पहिला होकारही नसतो, तिसऱ्यांदा विचारायचं असतं. तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"मन्सूरे. जागा आहे का नाही?"

पलीकडे कोणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"आमचे आगाजान आहेत तिथे," मन्सूरे म्हणाली. आगाजान म्हणजे तिचे वडील. "दोन हजार आठ सालापासून. दुसरीकडे जागाच नव्हती. आई म्हणाली, भावाची जागा रिकामी पडलीय, तो काही... सूदी, तुम्ही नऊ वर्षं काही कळवलं नाही गं. आम्हाला वाटलं..."

"बरं केलंत," सुदाबे म्हणाली.

"रागावलीस?"

"नाही. आत्याला सांग, बरं केलं. त्यांनाही कोणीतरी शेजार हवाच ना."

"सोळा वर्षं सांगेन सांगेन म्हणत होते. तोंड नव्हतं."

मन्सूरे रडायला लागली. सुदाबेने तिची समजूत घातली, डाळिंबांची चौकशी केली, फोन ठेवला. मग बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सगळ्यांना घालून झाल्यावर परत पहिलीपासून घातलं.

सोळा वर्षं. म्हणजे शेवटच्या आठ मुदती शापूरने अशा घरासाठी वाढवल्या होत्या, जिथे दुसराच माणूस झोपला होता.

हे त्याला सांगायचं की नाही, याचा विचार तिने सगळा उन्हाळा केला. सप्टेंबर उजाडला. सही न करता पत्र चहाच्या डब्याखाली तसंच होतं. सही केली तर बापाला दिलेला शब्द मोडतो. नाही केली तर ऑफिसची माणसं दगड उचलून नेतील, जमीन सपाट करतील आणि काही वर्षांनी तिथे दुसरं कोणीतरी येईल. इथेही. मग फरामर्ज तफ्ती ना तिथला, ना इथला. ती जिन्यावरच्या बापासारखी अडकली होती. कुठेही पाय ठेवला तरी ओली पायरी.

विसाव्या तारखेला ती शापूरकडे गेली आणि सरळ सांगून टाकलं.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. खाली ट्राम वळली. तिच्या वळण्याच्या आवाजावरून ड्रायव्हर नवखा आहे हे तो एरवी बोलून दाखवायचा. आज बोलला नाही.

"मला माहीत होतं," शेवटी म्हणाला.

"काय?"

"आठ सालीच. तुझ्या आत्याने मला पत्र घातलं होतं. तुला कसं सांगावं विचारत होती. मी लिहिलं, मी सांगतो."

"आणि?"

"नाही सांगितलं."

"सोळा वर्षं, काका?"

"तू दगडाला पाया घातला असतास."

ती उठली. कोट घातला. दारापर्यंत गेली. त्याच्या भिंतीवर तिचं लक्ष गेलं. तिथेही काही टांगलेलं नव्हतं. एक्केचाळीस वर्षं झाली होती. तिला बापावरचा जुना राग आला, पण तो आता बापावर नव्हता आणि या म्हाताऱ्यावरही टिकेना.

"उद्या अकराला तयार राहा," ती म्हणाली. "टॅक्सी घेऊन येते. जाड मोजे घाला."

"मी येणार नाही."

"येऊ नका. पाणसळ धरायला माणूस लागतो. दुसरं कोणी बघते."

"कोण आहे दुसरं?"

"तेच म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी अकराला तो खाली उभा होता. टाय लावून.

दफनभूमीत योरान नावाचा माणूस देखरेख करायचा. तो म्हणाला, पाया घालायला परवानाधारक गवंडी लागतो. सुदाबेने पिशवी उघडून त्याला हत्यारं दाखवली. थापी तीस वर्षांची, मूठ अंगठ्याच्या जागी झिजलेली. योरानने ती हातात घेतली, बोट फिरवलं आणि परत दिली.

"सही केलीस का?" त्याने विचारलं.

तिने खिशातून कागद काढला. सही सकाळीच केली होती, उभ्याने, ओट्याशी. त्याने कागद घेतला आणि हातगाडा आणायला गेला.

दोघांनी दगड आडवा केला. खाली वाळू तशीच होती, मुळांनी विणलेली. सुदाबे गुडघ्यांवर जाड गाद्या बांधून बसली आणि खणायला लागली. दीड हात खोल, जेणेकरून गोठलेली जमीन त्याला उचलणार नाही. मधे दोनदा थांबावं लागलं. योरान म्हणाला, मी खणू का? ती नाही म्हणाली. तो परत म्हणाला नाही. स्वीडनमध्ये एकदाच विचारतात. त्याने तिसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित तिने फावडं दिलं असतं.

खाली खडी घातली. चार-चार बोटांचे थर, प्रत्येक थर कुटून. घाईत एकदम भरून वरून कुटतात ते काम दिसायला तेच दिसतं, पण तीन हिवाळ्यांत बोलतं. मग सिमेंटची तयार बैठक बसवली.

"काका, पाणसळ."

शापूर कुबडी सोडून वाकला आणि पाणसळ बैठकीवर ठेवली. दोघं बुडबुड्याकडे बघत राहिले.

"डावीकडे," तो म्हणाला.

"तुमचा हात डावीकडे आहे. बोट काढा."

त्याने काढलं. बुडबुडा मधोमध आला.

बैठकीत दोन पोलादी खुंट्या. दगडाला भोकं तिने घरूनच मोजून ठरवली होती, ती इथे पाडली. मसाला लावला. योरान आणि ती, दोघांनी दगड उचलला आणि खुंट्यांवर उतरवला. एकदाच. सरकवावा लागला नाही.

ती कडेचा मसाला ओल्या फडक्याने पुसत होती तेव्हा शापूरने कोटाच्या खिशातून गुलाबपाण्याची बाटली काढली. गेल्या खेपेचीच, अर्धी. दगडावर ओतली.

"मी आता काय म्हणू, सूदी?"

"दर वेळी म्हणता तेच म्हणा."

"पाया घातल्यावर?"

"पाया मी घातलाय. तुम्ही कुठे घातलाय? तुमचा शब्द तुमच्यापाशी."

म्हातारा जमिनीकडे वाकला. टाय पुढे लोंबला. "ही आमची ठेव," तो म्हणाला. "दोन वर्षांनी नेऊ."

मग योरान त्याला बाकाकडे घेऊन गेला. त्या दोघांची ट्रामच्या रुळांवरून काहीतरी चर्चा सुरू झाली.

सुदाबे एकटी राहिली. हत्यारं पुसून पिशवीत भरली. आपल्यात थडग्याशी बसलं की बोटाने दगडावर वाजवतात, आत झोपलेल्याला कळावं की कोणी आलंय. पंचवीस वर्षांत तिने या दगडावर कधी वाजवलं नव्हतं. कसा वाजेल ते तिला माहीत होतं, आणि ते तिला ऐकायचं नव्हतं.

तिने पेर वाकवून टकटक केली. वर, मधे, तळाशी. तिन्हीकडे गच्च.

"राहिलात, बाबा," ती म्हणाली, आणि गुडघे सरळ होईपर्यंत तिथेच बसली.